मावश्यांकडे वाढलेला माणूस

मंगळवार, ३ तारीख

वाचाबाईने सांगितलं म्हणून लिहिते आहे. तिच्या हुद्द्याचं नाव पाटीवर मावत नाही एवढं लांब आहे. ज्यांची वाचा गेली त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते, म्हणून मी तिला वाचाबाई म्हणते. वयाने माझ्या लेकीहून लहान. म्हणाली, "काकू, काका रोज काय बोलले तेवढं लिहून ठेवा. मनात येईल ते बाकीचंही लिहा, मी वाचणार नाही. तुम्हालाच बरं वाटेल."

मला बरं वाटायला वही नको, नवरा बोलायला हवा.

तर आज हे काय बोलले: उद्या. सकाळी उद्या, दुपारी उद्या. पाणी हवं का, तर उद्या. दुखतंय का, तर उद्या. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि सगळ्या भाषेतून हा एक शब्द मागे राहिला. वाचाबाई म्हणते, असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो, त्याला काही अर्थ नसतो. तिला काय माहीत. हा शब्द ह्यांच्या तोंडी जन्मभर आहे. सुतार माणूस, शहरभर लोकांची कपाटं केली, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल लेक रांगत होती तेव्हापासून डुगडुगतंय. कधी दुरुस्त करणार? उद्या.

एवढे शब्द होते, त्यातला नेमका हाच उरावा.

बुधवार, ४ तारीख

हे हॉस्पिटल चालतं सरकारी पैशावर आणि सिस्टरांच्या, म्हणजे चर्चच्या नन्सच्या, हुकमावर. म्हणजे रांगा सरकारी आणि शिस्त चर्चची. दोन्हीकडचं जे कटकटीचं तेवढं इथे एकत्र आलंय. टोकन घ्यायला रांग. कुठल्या रांगेत उभं राहायचं ते विचारायला वेगळी खिडकी, आणि ती बंद. दारावर दगडी माउली हात पसरून उभी आहे, तिची दोन बोटं तुटलेली. ती तरी किती वर्षं रांगेत आहे कोण जाणे.

वॉर्डच्या मुख्य सिस्टरला मी मनात शिस्तबाई म्हणते. दहाच्या आत नातेवाईक नको, पलंगावर बसायचं नाही, खिडकीत पिशवी ठेवायची नाही. चादरीला सुरकुती दिसली की माझ्याकडे असं बघते की जणू मीच लोळत होते. इथे चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचतात. अगदी ह्यांच्यासारखे. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी पलंग आवरू दिला नाही, माझे कोपरे ह्यांना पसंत नव्हते. मी शिस्तबाईला म्हटलं, "बरे झाले की ह्यांना ठेवून घ्या कामाला." हसली नाही.

खरी गोष्ट लिहायची टाळते आहे. चोवीस तारखेला डॉक्टरांची बैठक आहे. ह्या वॉर्डात खाटा थोड्या आणि वाट बघणारे पुष्कळ. ज्याच्यात सुधारणा दिसेल त्याची शिकवणी पुढे चालू. ज्याच्यात दिसणार नाही त्याला शहराबाहेरच्या देखभाल केंद्रात पाठवतात. तिथे जेवू घालतात, कूस बदलून देतात. बोलायला कुणी शिकवत नाही.

लेक फोनवर म्हणाली, "आई, केंद्रच बरं. घरी तुला झेपणार नाही." दूर राहून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

शब्द: उद्या.

शुक्रवार, ६ तारीख

व्यायामाचा विभाग नव्या इमारतीत आहे आणि तिथे जायची वाट जुन्या इमारतीतून. चाकाची खुर्ची ढकलायला एक मामा येतो. मी त्याला ढकलमामा म्हणते, तोही हाकेला ओ देतो. खुर्ची कमी ढकलतो, तोंड जास्त चालवतो.

आज त्याने हॉस्पिटलचा सगळा इतिहास ऐकवला. साथीच्या वर्षी चार सिस्टर आल्या, एक भाड्याचं घर घेतलं. पहिलं ऑपरेशन म्हणे जेवणाच्या टेबलावर झालं. मग मागच्या भिंतीतली एक छोटी खिडकी दाखवली. तिच्यात अर्ध्या पिंपासारखा लाकडी फिरता पाळणा आहे. ज्याला मूल सांभाळता येत नाही त्याने बाहेरून ते पाळण्यात ठेवायचं, पाळणा फिरवायचा, घंटी वाजवायची आणि निघून जायचं. आत सिस्टर मूल उचलायच्या. बाहेर कोण होतं ते बघायचं नाही, असा नियम. अशी पोरं मागच्या आश्रमात वाढायची. आश्रम कधीच बंद झाला, आता पाळण्यात कुंडी ठेवली आहे.

मी म्हटलं, "पोर टाकून जाणाऱ्या काय काळजाच्या बाया असतील."

तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने चाक धरलं. पुढे जाऊ देईनात. हात लांब करून पाळण्याची कड चाचपली, खालची खुंटी हलवून पाहिली. लाकूड दिसलं की थांबायचं, ही खोड जुनीच. व्हरांड्यातल्या बाकापाशीही तेच, बाकाच्या खालून हात फिरवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याचं काय सांगावं, झटका आल्यापासून ह्यांना कशानेही रडू येतं. परवा केळं बघून आलं होतं.

व्यायामाला उशीर झाला आणि बोलणी मी खाल्ली.

सोमवार, ९ तारीख

आज दोन गोष्टी.

पहिली. मी पोचले तर ह्यांच्या पलंगाशी एक म्हातारी सिस्टर काठी टेकून उभी. एवढीशी, वाकलेली, नव्वदीची असेल. म्हणत होती, "काय रे खारू, झाडावर चढायचं सोडून आडवा काय पडलास?" आणि हे तिचा हात घट्ट धरून उद्या, उद्या करत होते. मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही ह्यांना ओळखता?" माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "ते त्याला सांगू दे. मी शब्द दिलाय." मग खळखळून हसली आणि गेली.

नर्स म्हणाली, त्या मागच्या बंगल्यात निवृत्त सिस्टर राहतात तिथल्या आहेत, वयामुळे कधी कधी गोंधळतात. गोंधळ तर दिसतच होता. ह्यांना कुणी खारू म्हणेल? पण ते हसू मी कुठेतरी ऐकलंय. नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली माझी. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. आठवेल.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. शेजारच्या खाटेवर निवृत्त पोस्टमन आहेत, पायाचं हाड मोडलंय. ते म्हणाले, "वहिनी, ह्यांच्यासाठी तरी ती पेटी बंद करायला सांगा." प्रत्येक खाटेच्या डोक्यावर एक लाकडी पेटी आहे. सकाळी सहाला चॅपलमधली प्रार्थना आणि गाणी त्या पेट्यांतून ऐकू येतात. मी दहाला येणारी, मला पत्ताच नाही. पोस्टमन म्हणाले, "माझ्या झोपेचं खोबरं होतं ते जाऊ दे. पण पेटी लागली की पडद्यापलीकडे हे कण्हायला लागतात. गाणी संपेपर्यंत कण्हतात. ऐकवत नाही."

माझं डोकंच फिरलं. मेंदूला मार बसलेला माणूस, त्याला झोप हवी, आणि ह्या सिस्टरांचं सकाळी सहाला गाणं.

मंगळवार, १० तारीख

शिस्तबाईला गाठलं. म्हटलं, "आमच्या घरी देवाधर्माचं फारसं नाही. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, पण माझ्या माणसाला त्रास होतोय." ती म्हणाली, "पुष्कळांना बरं वाटतं त्याने." मी म्हटलं, "पुष्कळांच्या खाटेवरची चालू ठेवा." तक्रार वरपर्यंत नेईन म्हटल्यावर दुपारी वायरमन आला आणि ह्यांच्या आणि पोस्टमनच्या पेटीची तार काढून गेला.

इथे आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं झालं. रात्री मी छान झोपले.

गुरुवार, १२ तारीख

सकाळपासून हे चिडलेले. डाव्या हाताने सारखे पेटीकडे बोट करत होते. "उद्या! उद्या!" मी बघितलं, तर पेटी एका बाजूने जरा कललेली आहे. सुताराच्या डोळ्याला ते खुपणारच. मला आनंदच झाला, म्हटलं धंद्याची आठवण जागी होतेय. ढकलमामाकडून पेचकस आणवला, पेटी सरळ करून घेतली. ह्यांनी चहाचा कप भिंतीवर मारला.

साफ मी केलं. आज गुरुवार, त्याचाही राग असेल. दर गुरुवारी दुपारी हे लाकूडबाजारात जायचे, सगळा जन्म नेम चुकला नाही. कधी फळकूट घेऊन आलेले मात्र मी पाहिले नाहीत. सुरुवातीला वाटायचं पत्ते खेळत असतील. हातखर्च तर कधी वाढलेला दिसला नाही. विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. येताना मात्र खुशीत असायचे, म्हणून मी पण नाद सोडला.

शब्द: उद्या, पण ओरडून.

सोमवार, १६ तारीख

बिघडत चाललंय. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. वाचाबाईने कंगवा दाखवला, बघितलंच नाही. मागच्या आठवड्यात निदान ओठ हलवत होते. पोस्टमन म्हणतात सकाळी आता अगदी गप्प असतात, छान झोपतात. मग दिवसभर असे का?

शिस्तबाईने विचारलं, "पेटी पुन्हा लावून बघू या का?" मी म्हटलं, "आणखी त्रास द्यायचाय का?" जखमेवर मीठ चोळायची हौस असते एकेकाला.

मंगळवार, १७ तारीख

वाचाबाईने आज मला समोर बसवून ह्यांच्या लहानपणाचं विचारलं. कुठली गाणी, कुठले खेळ, घरात कोण कोण. म्हणाली, जुनं खोल गेलेलं असतं, ते कधी कधी आधी वर येतं.

मी काय सांगणार? ह्यांचे आईवडील लहानपणीच गेले. मावश्यांकडे वाढले. मावश्या किती, तर कधी सात म्हणायचे, कधी नऊ. मी म्हणायचे, "तुमच्या आजीला दुसरं काही काम नव्हतं का?" हसायचे. सगळ्या मावश्या बिनलग्नाच्या, सगळ्या शिस्तीच्या. ताटात शीत टाकायचं नाही, पहाटे उठायचं, दार आतून लावून झोपायचं नाही. लग्नाआधीच बहुतेक वारल्या, राहिल्या त्या लांब गेल्या, असं म्हणायचे.

लग्नाला एकच आली होती. उंच, अंगावर उसन्या वाटणाऱ्या निळ्या कपड्यांचा जोड, केसांवर रुमाल. जेवणं होईपर्यंत कुणाशी बोलली नाही. माझ्या वडिलांना माणसापेक्षा घराण्याची चौकशी फार. आईबाप नसलेला जावई त्यांना आधीच खुपत होता. त्यांनी तिला गाठून विचारलं, "घराणं कुठलं म्हणायचं आपलं?" ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "फार मोठं आहे हो. मोजता येणार नाही एवढं." वडील खूश झाले.

वाचाबाईने हे सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काकू, एकही मावशी नंतर कधी भेटली नाही?" मी म्हटलं, नाही. ह्या पोरींना दुसऱ्याच्या सासरच्या चौकश्या भारी.

शुक्रवार, २० तारीख

काल आणि आज जेवले नाहीत. आज सूपसुद्धा तोंडातून बाहेर काढलं. वाचाबाई खरं बोलणारी मुलगी आहे, म्हणाली, "अशा अवस्थेत बैठकीत काही दाखवता येणार नाही, काकू. मनाची तयारी ठेवा."

कसली तयारी? मी घरी जाते, चहा करते, दोन कप काढते. मला नावाने हे कधीच हाक मारत नव्हते, आमच्या वेळी तशी पद्धतच नव्हती. "ऐकलंस का?" एवढंच. दिवसातून शंभरदा. मी कधी कधी मुद्दाम ओ द्यायची नाही, की पुन्हा म्हणावं. आता घरात टाचणी पडली तरी ऐकू येते. केंद्रात हे भिंतीकडे तोंड करून पडणार आणि मी आठवड्याला बस धरून त्यांची पाठ बघायला जाणार. मला भीती वाटते आहे. लिहून टाकलं, बरं वगैरे काही वाटलं नाही.

रविवार, २२ तारीख

नीट लिहिते.

झोप लागेना म्हणून आज सकाळीच गेले. दहाच्या आत सोडत नाहीत तर नाही, दारात बसून राहीन म्हटलं. दारवान रविवारच्या पेपरात होता, सरळ वर गेले. ह्यांची खाट रिकामी. चादर काढलेली.

माझं काय झालं असेल ते लिहीत नाही. पोस्टमननी ओरडून सांगितलं म्हणून बरं, "वहिनी, वहिनी, काही नाही, ती म्हातारी मामाकडून खुर्ची ढकलवून घेऊन गेली त्यांना. चॅपलला."

मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाने नको म्हटलेलं, तार काढायला लावलेली, आणि ही गोंधळलेली बाई माझ्या आजारी माणसाला उचलून नेते. जिने उतरत होते तेव्हा काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. कचेरीत जाणार होते, पेपरात देणार होते.

चॅपलचं दार अर्धवट उघडं. आतून गाण्याचा आवाज येत होता, म्हाताऱ्या बायकांचे बारीक, कापरे आवाज. आणि त्यांच्या खालून एक पुरुषी आवाज.

मी चाळीस वर्षं ओळखते तो आवाज. खर्जातला, जरा नाकातून येणारा. "दार उघडे ठेव दयाळा, वाट चुकले येतील घरी." प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. हे कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, त्यातलाही एक शब्द अडला नाही. हातात पुस्तक नव्हतं. म्हातारी सिस्टर शेजारी बसून काठीने ताल धरत होती. मी दाराला धरून उभी राहिले. मला ऐकायचं होतं आणि मला ते थांबायलाही हवं होतं.

संपलं. ह्यांनी मान वळवली, मला पाहिलं. चेहरा पांढरा पडला.

"उद्या," म्हणाले.

पोस्टमन ज्याला कण्हणं म्हणत होते ते हे होतं. आणि त्याची तार मी काढून टाकली होती.

सोमवार, २३ तारीख

रागाने जळते आहे. कुणावर तेच ठरत नाही.

वाचाबाई मात्र ऐकून खुर्चीतून उठलीच. म्हणाली बोलणं एका वाटेने येतं आणि गाणं दुसऱ्या; पहिली बंद पडली तरी दुसरी चालू असू शकते. एवढं मलाही कळतं. एक्स्चेंजमध्ये एका बाजूची केबल जळली की आम्ही दुसऱ्या गावावरून फिरवून फोन जोडायचो. म्हणाली, "त्याच चालीत रोजचे शब्द घालून बघू. काका गातात का ते मला मागेच तपासायला हवं होतं. उद्याच बैठक, वेळ नाही. काकू, तुम्ही पण गा."

माझा आवाज ऐकून आमच्या गल्लीतलं कुत्रं उठून जातं. तरी गायले. "पाणी हवे मज, पाणी दे ना." एकदा, दहादा. डाव्या हाताला धरून ताल द्यायचा, शेवटचा शब्द ह्यांच्यासाठी सोडायचा. दुपारपर्यंत पालथ्या घड्यावर पाणी. हे माझी नजर चुकवत होते. मी पण गाता गाता ह्यांच्याकडे बघत नव्हते. मावश्या म्हणे. सात म्हणे, आणि निघाल्या सिस्टर.

चारच्या सुमाराला शेवटचा शब्द आला. "दे ना." वाचाबाई रडली. मी नाही रडले, मला वेळ नव्हता, "खिडकी लाव" राहिलं होतं.

मंगळवार, २४ तारीख

बैठक. लांब टेबल, पलीकडे तीन डॉक्टर आणि शिस्तबाई. मोठ्या डॉक्टरांनी पेन दाखवलं. "हे काय?" उद्या. घड्याळ? उद्या. कंगवा? उद्या. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले.

वाचाबाई म्हणाली, "सर, दोन मिनिटं." आणि माझ्याकडे बघितलं. त्या शिकलेल्या लोकांसमोर मला गायचं होतं. गायले. पहिलाच सूर चुकला. हे माझ्याकडे बघत होते, रविवारनंतर पहिल्यांदा सरळ बघत होते. आणि त्यांनी माझा चुकलेला सूर धरून, नीट करून, पुढचं गायलं. "पाणी हवे मज, पाणी दे ना." मग "खिडकी लाव ना, वारा येतो." डॉक्टरांचा लिहिता हात थांबला.

मग हे थांबलेच नाहीत. वाचाबाईने शिकवलेलं संपलं तरी त्याच चालीत, डाव्या हाताने मांडीवर ताल देत, अडखळत, आमच्यातल्या कुणीही न शिकवलेलं म्हणाले: "ऐकलंस का? ऐकलंस का?"

मी ओ दिली.

डॉक्टरांनी खाट ठेवली. शिकवणी पुढे चालू. बाहेर आल्यावर शिस्तबाई म्हणाली, "आता पेटीचं काय करायचं?" मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? लावायची. आणि सरळ लावा, कलली की त्यांना चालत नाही." तेव्हा ती हसली, इथे आल्यापासून पहिल्यांदा.

गुरुवार, २६ तारीख

मागच्या बंगल्यात गेले. म्हाताऱ्या सिस्टर बागेत उन्हाला बसल्या होत्या. मी भांडायलाच गेले होते, खोटं का लिहू.

म्हटलं, "तुम्ही माझ्या लग्नात जेवून गेलात."

त्या हसल्या. तेच हसू. माझ्या वडिलांना जे ऐकून घराण्याची खात्री पटली होती ते.

मी विचारलं, "सिस्टर असून खोटं बोललात?"

"खोटं कुठे? त्याने विचारलं, मावशी म्हणून येशील का. मी म्हटलं, येईन. मावशीच होते. खिडकीतल्या पाळण्यातून मीच उचलला होता त्याला, थंडीने निळा पडला होता. मग आम्ही सगळ्यांनीच वाढवला." मग म्हणाल्या, "लग्न झाल्यावर सांग म्हटलं होतं त्याला. दर गुरुवारी विचारायचे, सांगितलंस का रे? आणि मी नाही हं सांगितलं तुला. त्याचं त्यानेच गायलं."

"दर गुरुवारी?"

"चॅपलचे बाक कोण दुरुस्त करतं वाटतं तुला? व्हरांड्यातले सगळे त्याचेच. तो समोरचा, लहान, बुटका, पहिला, बारा वर्षांचा असताना केलेला. अजून हलत नाही बघ."

हलत नाही. मी बसून पाहिलं. जन्मभर हा माणूस दर गुरुवारी लष्कराच्या भाकऱ्या भाजत होता, आणि माझं स्टूल डुगडुगत होतं. त्या बाकावर बसून मी रडले. सिस्टरनी थोपटलं वगैरे नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

रविवार, २९ तारीख

आता मला सकाळी सहाला आत सोडतात. शिस्तबाईने दारवानाला सांगून ठेवलंय. पेटी लागली, हे गायले, पोस्टमन उशीत डोकं घालून पडले. त्यांना मी म्हटलं, "भाऊजी, सहन करा, हे कण्हणं लवकर बरं होणारं नाही."

मग चहा पाजताना भांडले. इतके दिवस साठवलं होतं. आश्रमात वाढलात म्हणून मी काय केलं असतं? वडिलांचं सोडा, ते जाऊन वर्षं झाली. त्यानंतर काय अडलं होतं? लेकीला काय सांगू? माझ्याशी लग्न केलंत की माझ्या वडिलांशी? हे ऐकत होते. एकतर्फी भांडणात काही राम नसतो, समोरून कुणी उलट बोलत नाही. शेवटी माझाच आवाज बसला.

हळूच विचारलं, "मला कधी सांगणार होतात?"

ह्यांनी गायलं नाही. चाल शोधली नाही. माझा हात धरला, खूप वेळ तोंड हलवलं, आणि म्हणाले, "उद्या."

वाचाबाई म्हणते त्या शब्दाला अर्थ नसतो.

दर गुरुवारी त्या फाटकातून निघताना ह्यांनी ठरवलं असणार. वाटभर शब्द जुळवले असणार. आणि घराच्या दारात मी उभी असायची, स्टुलाचं काय झालं ते विचारायला.